डायलॉग दाखवायला नक्की कोणता कॉन्टेक्स्ट द्यायचा?

नवी_पालवी

गेले दोन दिवस एकाच क्रॅशच्या मागे लागलेय, म्हणून धागा काढते. शोधाशोध केली तर बहुतेक ठिकाणी "ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टच्या जागी धिस लिहा" एवढंच उत्तर मिळालं (कॉन्टेक्स्ट म्हणजे कोड ॲपच्या कोणत्या भागाच्या वतीने चालतोय हे सिस्टिमला सांगणारं ऑब्जेक्ट; धिस म्हणजे इथे ॲक्टिव्हिटी, ॲपची एक स्क्रीन). लिहिलं, चाललंही. पण ते का चाललं हे कळल्याशिवाय मला तो कोड पुढे पाठववत नाही.

झालं असं. आमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये सगळ्या स्क्रीनना सामायिक असा एक मदतनीस क्लास आहे. नेट गेलं, लॉगिनची मुदत संपली, सर्व्हरने नकार दिला, की डायलॉग दाखवायचं काम त्याचं. क्लास सिंगलटन आहे, म्हणजे सगळ्या ॲपमध्ये त्याचं एकच ऑब्जेक्ट. सिंगलटनमध्ये ॲक्टिव्हिटी धरून ठेवली की मेमरी गळते हे शिकले होते, म्हणून मुद्दाम ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट दिला. तर आधी तक्रार आली की थीम ॲपकॉम्पॅटची हवी. मग कॉन्टेक्स्टथीमरॅपर गुंडाळून थीम दिली. ती तक्रार गेली आणि बॅडटोकनएक्सेप्शन आलं: टोकन नल आहे, तुमची ॲक्टिव्हिटी चालू आहे का?

आता सगळीकडून ॲक्टिव्हिटी पाठवतेय. क्रॅश बरेच कमी झाले, पण संपले नाहीत. उरलेल्यांतही बॅडटोकनच आहे, फक्त नलच्या जागी बाइंडरप्रॉक्सी आणि पुढे एक आकडा दिसतो.

टोस्ट (थोडा वेळ दिसून जाणारी छोटी सूचना) त्याच ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टने सुरळीत दिसतो, मग डायलॉगचंच काय अडतं? आणि ॲक्टिव्हिटी देऊनही क्रॅश का?

आडवा_फोन

ॲक्टिव्हिटी द्या आणि शोच्या आधी इजफिनिशिंग (ती संपत तर नाही ना) तपासा. बाकी काही नाही. मी कित्येक वर्षं हेच करतोय.

खिडकीपाशी

पालवी, "का" विचारलंत हे फार आवडलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डायलॉग हा तुमच्या स्क्रीनमधला व्ह्यू नाही. ती वेगळी खिडकी आहे. आणि पडद्यावर खिडकी लावणं हे ॲपच्या हातात नसतं, ते सिस्टिमच्या प्रोसेसमधल्या विंडो मॅनेजर सर्व्हिसच्या हातात असतं. ॲक्टिव्हिटी सुरू होते तेव्हा सिस्टिम तिच्यासाठी एक टोकन बनवते, एक बाइंडर ऑब्जेक्ट. नंतर ॲपकडून "ही खिडकी लावा" अशी विनंती गेली की तिकडे टोकन तपासलं जातं. टोकन ओळखीचं नसेल तर खिडकी लागत नाही.

आता डायलॉगला हे टोकन मिळतं कुठून? आपण तर ते कधीच देत नाही. डायलॉग क्लासचा सोर्स उघडून कन्स्ट्रक्टर वाचा. तो दिलेल्या कॉन्टेक्स्टकडे गेटसिस्टिमसर्व्हिसने विंडो मॅनेजर मागतो. गंमत इथे आहे: ॲक्टिव्हिटीने ही मेथड स्वतः लिहिलेली आहे, आणि विंडो मॅनेजर मागितला की ती स्वतःच्या खिडकीशी जोडलेला मॅनेजर देते. पुढे शो केल्यावर ॲडव्ह्यूच्या वाटेवर "पालक खिडकी आहे का" हे बघितलं जातं. असली तर तिचं टोकन डायलॉगच्या लेआउट पॅरम्समध्ये भरलं जातं. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टकडून आलेल्या मॅनेजरला पालक खिडकीच नसते. टोकनची जागा रिकामी राहते, विनंती तशीच जाते, परत येते. तुमचा नल तो हाच.

थीमची तक्रार वेगळी. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टकडे थीम मागितली तर तुमच्या ॲक्टिव्हिटीची थीम मिळत नाही, सिस्टिमची नेहमीची मिळते. रॅपरने तुम्ही ती दुरुस्त केलीत, म्हणून पहिला दरवाजा उघडला आणि दुसरा लागला.

टोस्टची खिडकी सिस्टिम स्वतः सांभाळते आणि तिचं टोकनही तीच देते. म्हणून त्याला तुमची ॲक्टिव्हिटी लागत नाही.

रात्रपाळी

टोस्टसुद्धा अगदी निर्धास्त नव्हता बरं का. अँड्रॉइड ७.१ वर टोस्टमधूनही बॅडटोकन यायचं. मेन थ्रेड अडकून राहिला आणि तेवढ्यात टोस्टची वेळ संपून टोकन रद्द झालं, की क्रॅश. ८.० मध्ये ते एक्सेप्शन त्यांनी आतच पकडलं. आमच्या क्रॅश रिपोर्टमध्ये फक्त त्या एका व्हर्जनचा ढीग लागला होता, आणि आम्ही आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होतो.

नवी_पालवी

@खिडकीपाशी, मनापासून आभार. सोर्स उघडून बघितला, सगळं जागच्या जागी दिसलं. एक शंका: ॲक्टिव्हिटीभोवतीच कॉन्टेक्स्टथीमरॅपर गुंडाळला तर?

खिडकीपाशी

चालेल. रॅपर लेआउट इन्फ्लेटर तेवढा स्वतःचा देतो, बाकीच्या सर्व्हिस आतल्या कॉन्टेक्स्टकडे मागतो. आत ॲक्टिव्हिटी असेल तर मॅनेजर तिचाच मिळतो. डायलॉग स्वतःही दिलेला कॉन्टेक्स्ट आतल्या आत असाच गुंडाळून घेतो. म्हणजे वरचं आवरण कोणतं याला महत्त्व नाही, सगळ्यात आत कोण बसलंय ते बघायचं.

एक_कप_अजून

वरच्याला जोडून. यामुळेच ॲडॅप्टरमध्ये (यादीच्या ओळी भरणाऱ्या क्लासमध्ये) व्ह्यूचा कॉन्टेक्स्ट घेऊन थेट ॲक्टिव्हिटीत कास्ट करू नका. डायलॉगला तो कॉन्टेक्स्ट जसा आहे तसा दिला तर चालतो. पण कास्ट केलात आणि मध्ये ॲपकॉम्पॅटने किंवा हिल्ट या लायब्ररीने रॅपर घातलेला असला की क्लासकास्टएक्सेप्शन. ॲक्टिव्हिटी हवीच असेल तर ॲक्टिव्हिटी सापडेपर्यंत बेसकॉन्टेक्स्ट उलगडत जा.

रात्रपाळी

आता पालवींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. नल असलेला बॅडटोकन आणि बाइंडरप्रॉक्सी असलेला बॅडटोकन, नाव एक पण आजार दोन. पहिल्यात टोकन कधी नव्हतंच. दुसऱ्यात टोकन होतं, पण ज्या ॲक्टिव्हिटीचं होतं ती गेली.

माझ्याकडे घडलेलं सांगतो. फॉर्म भरून पाठवायचा, सर्व्हरचं उत्तर आलं की "अर्ज पोचला" असा डायलॉग. नेट धिमं असलं की लोक कंटाळून मागे जायचे. ॲक्टिव्हिटी संपायची, पण कॉलबॅकच्या (उत्तर आल्यावर चालणाऱ्या कोडच्या) मुठीत ती अजून असायची. उत्तर यायचं, कॉलबॅक त्या गेलेल्या ॲक्टिव्हिटीवर शो करायचा, आणि ॲप बंद. म्हणजे अर्ज नीट पोचलेला, आणि वापरणाऱ्याला दिसतं काय, तर ॲप कोसळलं. त्याने परत भरला. एकेकाचे तीन-तीन अर्ज आले.

आडवा_फोन

म्हणूनच म्हटलं, इजफिनिशिंग तपासा. एपीआय १७ पासून इजडिस्ट्रॉइडही आहे, तेही बघा. दोन्ही नसेल तरच शो. वाटलं तर भोवती ट्राय-कॅच.

रात्रपाळी

तपासणी आम्हीही घातली. क्रॅश थांबला, पण त्या माणसाला अर्ज पोचल्याचं कळलं कुठे? तीन अर्ज येतच राहिले. ट्राय-कॅचने तर आपलीच बातमी बंद होते. ॲप शांत, रिपोर्ट स्वच्छ, आणि निरोप हवेत. क्रॅशपेक्षा मला ते जास्त लागतं, कारण क्रॅश निदान आपल्याला दिसतो.

चाचणीवाली

रात्रपाळींना पूर्ण अनुमोदन. माझ्या बाजूने भर.

हे क्रॅश डेव्हलपरच्या टेबलावर होत नाहीत, कारण तिथे नेट वेगवान आणि फोन हातात स्थिर. मी तीन गोष्टी करते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू. नेट मुद्दाम धिमं. आणि डायलॉग उघडा असताना फोन आडवा. दहा मिनिटांत निम्मं ॲप उलगडतं.

फोन आडवा केल्यावर लॉगमध्ये "ॲक्टिव्हिटी हॅज लीक्ड विंडो" अशी लाल ओळ येते का बघा. ॲप कोसळत नाही म्हणून लोक ती वाचतच नाहीत. फोन फिरला की ॲक्टिव्हिटी मोडून नव्याने बांधली जाते. तिच्या टोकनवर लावलेली खिडकी तुम्ही काढली नाहीत, तर सिस्टिमला ती जबरदस्तीने काढावी लागते, आणि ती ओळ म्हणजे त्याची नोंद. वापरणाऱ्याला काय दिसतं? "खातं कायमचं काढून टाकायचं का?" हा प्रश्न समोर होता, फोन जरा कलला, प्रश्न गायब. हो झालं की नाही झालं, त्याला कळायला मार्ग नाही.

एक_कप_अजून

यासाठीच डायलॉगफ्रॅगमेंट (डायलॉग सांभाळणारा स्क्रीनचा तुकडा) आला, २०११ मध्ये, अँड्रॉइड ३.० बरोबर. ॲक्टिव्हिटी नव्याने बांधली की फ्रॅगमेंट मॅनेजर तो फ्रॅगमेंट परत उभा करतो, ऑनक्रिएटडायलॉग परत बोलावतो, आणि नवीन डायलॉगला नव्या ॲक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट आपोआप मिळतो. कोणता कॉन्टेक्स्ट द्यायचा हा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. फक्त अँड्रॉइडएक्समधला घ्या, मूळ फ्रेमवर्कमधला एपीआय २८ पासून डेप्रिकेटेड आहे.

आडवा_फोन

आणि त्याबरोबर "ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटनंतर हे करता येणार नाही" हे एक्सेप्शनही आलं. ते सांगायचं राहिलं.

एक_कप_अजून

राहिलं खरं, सांगतो. ॲप मागे गेलं की स्क्रीनची स्थिती जतन होते. त्यानंतर फ्रॅगमेंट जोडलात तर तो जतन केलेल्या स्थितीत नसणार, म्हणून फ्रॅगमेंट मॅनेजर अडवतो. लोक यावर कमिटअलाउइंगस्टेटलॉस लावतात. नावातच लिहिलंय की स्थिती हरवू शकते. दुय्यम सूचनेला चालेल, रात्रपाळींच्या अर्जाला नाही.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दुसऱ्याच खड्ड्याने. डायलॉगफ्रॅगमेंटला मी "हो" दाबल्यावर चालवायचा लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) एका फील्डमधून दिला होता. टेबलावर उत्तम चाललं. फोन फिरवला, डायलॉग परत आला, दिसायला तसाच. "हो" दाबलं आणि काहीच घडलं नाही. कारण फ्रॅगमेंट मॅनेजरने तो रिकाम्या कन्स्ट्रक्टरने पुन्हा बांधला होता, आणि माझा लॅम्डा जुन्या ऑब्जेक्टबरोबर गेला होता. डायलॉग होता, बटण होतं, बटणामागचा धागा तुटलेला. मजकूर आर्ग्युमेंट्सच्या बंडलमधून द्यायचा आणि उत्तर फ्रॅगमेंट रिझल्टने परत घ्यायचं (फ्रॅगमेंट लायब्ररी १.३.० पासून आहे), तेव्हा ते सुटलं.

आणखी एक: त्यातल्या डायलॉगवर सेटऑनडिसमिसलिसनर लावू नका. तो लिसनर फ्रॅगमेंट स्वतःसाठी वापरतो. ऑनडिसमिस ओव्हरराइड करा.

फडफड

मी फ्लटरवाला (ॲप बनवायचं गूगलचं साधन). इकडे कॉन्टेक्स्ट म्हणजे वेगळीच वस्तू, पण रडगाणं तेच आहे.

बिल्डकॉन्टेक्स्ट म्हणजे विजेटच्या झाडातली तुमची जागा. शोडायलॉग त्या जागेपासून वर चढत नॅव्हिगेटर (पानं एकावर एक रचणारं विजेट) शोधतो. मटेरियलॲपच्या वरचा कॉन्टेक्स्ट दिलात तर वर नॅव्हिगेटर नाहीच, कारण तो मटेरियलॲपच्या आत आहे. नवशिक्यांना हा पहिल्याच दिवशी भेटतो. मध्ये एक बिल्डर विजेट घातलं की सुटतं.

दुसरा तुमच्या रात्रपाळींसारखाच. अवेट करून परत येईपर्यंत विजेट झाडावरून गळून पडलेलं असतं. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या फ्लटर ३.७ पासून कॉन्टेक्स्टवरच माउंटेड तपासता येतं, आणि अवेटनंतर न तपासता कॉन्टेक्स्ट वापरलात तर लिंट (कोड तपासणारं साधन) टोकतो.

पण खरा घोळ बंद करताना होतो. आमच्या ॲपमध्ये खाली टॅब, प्रत्येक टॅबला स्वतःचा नॅव्हिगेटर. "थांबा" असा फिरत्या चक्राचा डायलॉग दाखवला, काम झाल्यावर पानाच्या कॉन्टेक्स्टने पॉप केलं (सगळ्यात वरचं काढलं). डायलॉग तसाच, त्याच्यामागचं पान गायब! कारण शोडायलॉग डीफॉल्टने मुळाच्या नॅव्हिगेटरवर चढतो, आणि पानाच्या कॉन्टेक्स्टवरून केलेला पॉप जवळच्या, म्हणजे टॅबच्या नॅव्हिगेटरला लागतो. डायलॉगच्या बिल्डरला मिळालेला त्याचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट वापरून पॉप केलं की बरोबर डायलॉगच बंद होतो. मी आता त्या कॉन्टेक्स्टला बिल्डरमध्ये वेगळं नाव देतो, म्हणजे दोघांची गल्लत होत नाही.

चाचणीवाली

@फडफड, टॅब नसतानाही हा प्रकार सापडतो. चक्र फिरत असताना मी बॅक दाबते. डायलॉग जातो. मग काम संपतं, कोड पॉप करतो, आणि डायलॉग तर नाहीच, म्हणून पानच निघून जातं. तुमच्याकडे करून बघा.

फडफड

करून बघितलं. निघून गेलं. :) दुरुस्तीला घेतोय.

सफरचंदी

आयओएसचीही नोंद असू दे. इथे क्रॅश होत नाही, डायलॉग नुसता येतच नाही. लॉगमध्ये एक ओळ येते, की ज्या व्ह्यू कंट्रोलरवर (स्क्रीन सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टवर) अलर्ट दाखवायचा त्याचा व्ह्यू खिडकीच्या उतरंडीत नाही. बहुतेक वेळा कारण एकच: व्ह्यूडिडलोडमध्ये प्रेझेंट केलेलं असतं. तेव्हा व्ह्यू तयार झालेला असतो पण खिडकीत लागलेला नसतो. व्ह्यूडिडअपिअरमध्ये करा.

जुना यूआयअलर्टव्ह्यू कोणाच्याही आधाराशिवाय शो व्हायचा. २०१४ मध्ये आयओएस ८ ने यूआयअलर्टकंट्रोलर आणला आणि "कोणावर दाखवू" हे सांगणं भाग झालं. तेव्हा मला ते ओझं वाटलं होतं. या धाग्यावरचे अनुभव वाचून वाटतं की तो प्रश्न विचारला जातो तेच योग्य आहे.

आयपॅडवर ॲक्शन शीट दाखवत असाल तर कोणत्या बटणापाशी ते सांगायला विसरू नका. तिथे मात्र खरोखर क्रॅश होतो.

उंबरठा

मी कोड लिहीत नाही, स्क्रीन डिझाइन करते. इतका वेळ वाचत होते. शीर्षक बघून मला वाटलं होतं की धागा वेगळ्या संदर्भाबद्दल आहे: वापरणाऱ्याच्या.

ॲप उघडताक्षणी एकापाठोपाठ डायलॉग. लोकेशन द्या, सूचना पाठवू द्या, रेटिंग द्या. अजून ॲप काय करतं तेही बघितलेलं नाही. त्या क्षणी बहुतेकांचा अंगठा "नको" वर जातो, आणि तो "नको" महाग पडतो. आयओएस एका परवानगीचा डायलॉग एकदाच दाखवतं. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार मिळाला की पुन्हा विचारताच येत नाही, वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. अँड्रॉइड १३ पासून सूचनांनाही परवानगी लागते, तिलाही हाच नियम.

आम्ही एका ॲपमध्ये कॅमेऱ्याची परवानगी पहिल्या स्क्रीनवरून उचलून "फोटो जोडा" या बटणावर नेली. तोच डायलॉग, तीच वाक्यं. पण आता माणसाने स्वतः फोटो मागितलेला असतो, त्यामुळे कॅमेरा कशाला हवा हे त्याला सांगावं लागत नाही.

आडवा_फोन

विषय सोडून आहे, पण बरोबर आहे.

खिडकीपाशी

विषय सोडून नाही वाटत मला. विंडो मॅनेजर विचारतो ही खिडकी कोणत्या स्क्रीनची, आणि उंबरठा विचारताहेत हा प्रश्न कोणत्या क्षणाचा. पहिल्या स्क्रीनवर कोंबलेल्या परवानगीला टोकन असतं, पण बोलावणं नसतं.

नवं_खातं

मध्येच विचारतो. माझ्याकडे ॲक्टिव्हिटीच नाही, सर्व्हिसमधून (स्क्रीनशिवाय मागे चालणाऱ्या भागातून) डायलॉग दाखवायचा आहे. कॉन्टेक्स्ट कोणता?

रात्रपाळी

@नवं_खातं, आधी सांगा, दाखवायलाच हवा का? सर्व्हिस चालू असताना माणूस दुसऱ्याच ॲपमध्ये काहीतरी लिहीत असेल. त्याच्या तोंडासमोर तुमचा डायलॉग कशाला? नोटिफिकेशन द्या, दाबली की तुमची ॲक्टिव्हिटी उघडू दे, डायलॉग तिथे.

सर्वांवर तरंगणारी खिडकी खरंच लागत असेल तर अँड्रॉइड ८.० पासून ॲप्लिकेशन ओव्हरले प्रकारची खिडकी आहे. तिला इतर ॲपवर दिसण्याची खास परवानगी लागते, आणि ६.० पासून ती वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन द्यायची असते. मागून गुपचूप ॲक्टिव्हिटी उघडायची वाट अँड्रॉइड १० ने बरीचशी बंद केली आहे.

नवं_खातं

डाउनलोड संपल्याचं सांगायचं होतं. नोटिफिकेशनच करतो.

लिपी

चुकीच्या कॉन्टेक्स्टचा एक मूक दोष राहिला. डायलॉग ॲक्टिव्हिटीवरच दाखवलेला, पण मजकूर आधीच ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टच्या गेटस्ट्रिंगने काढून ठेवलेला. ॲपमध्ये भाषा बदलायची सोय होती. अँड्रॉइड १३ च्या खाली ॲपकॉम्पॅट निवडलेली भाषा ॲक्टिव्हिटीला लावतं, ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टला नाही. त्यामुळे सगळी स्क्रीन एका भाषेत आणि नेमका "पैसे परत मिळणार नाहीत" हा डायलॉग दुसऱ्या भाषेत. नाही क्रॅश, नाही लॉग. एका वापरणाऱ्याने स्क्रीनशॉट पाठवला म्हणून कळलं. तेव्हापासून मी मजकूर फिरवत नाही, स्ट्रिंगचा आयडी फिरवतो. शब्द शेवटच्या क्षणी, ज्या स्क्रीनवर दिसायचे तिच्याच कॉन्टेक्स्टमधून.

नवी_पालवी

@लिपी, हा आमच्याकडेही आहे! आत्ताच तपासलं.

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सिंगलटनचं काय करू यावर मात्र अजून अडले आहे. टीममधल्या एकाने सुचवलं की ॲक्टिव्हिटीलाइफसायकलकॉलबॅक्स लावून "आत्ता समोर असलेली ॲक्टिव्हिटी" वीक रेफरन्समध्ये (मेमरीत अडकवून न ठेवणाऱ्या संदर्भात) धरून ठेवू, सिंगलटन तिच्यावर डायलॉग दाखवेल.

आडवा_फोन

छान उपाय आहे. मी वापरलाय.

खिडकीपाशी

टोकन मिळेल, मान्य. पण समोर असलेली म्हणजे कोणती? अँड्रॉइड १० पासून मल्टी-विंडोमध्ये दोन ॲक्टिव्हिटी एकाच वेळी रिझ्यूम्ड असू शकतात. आणि एकच असली तरी, "अर्ज पाठवता आला नाही" हा डायलॉग माणूस प्रोफाइलचा फोटो बदलत असताना त्याच्यावर का यावा?

कंपोझर

मी जेटपॅक कंपोझवर (अँड्रॉइडचं स्क्रीन रचायचं नवं साधन) आहे, त्यामुळे हा प्रश्न मला उलटीकडून दिसतो. तिथे डायलॉग "दाखवा" अशी आज्ञाच नसते. स्थितीत एक मूल्य असतं, आणि ते असेल तर डायलॉग रचनेत असतो, नसेल तर नसतो. कॉन्टेक्स्ट त्या रचनेच्या जागेवरून आपोआप येतो. स्क्रीन गेली की डायलॉगही तिच्याबरोबर जातो, मागे राहणारं कोणी नसतं. ते मूल्य व्ह्यूमॉडेलमध्ये किंवा रिमेंबरसेव्हेबलमध्ये ठेवलं की फोन फिरला तरी परत उभा राहतो.

पालवी, तुम्ही जुन्या व्ह्यूंवर असलात तरी हे करता येईल. सिंगलटनने डायलॉग दाखवू नये, काय सांगायचं आहे तेवढं नोंदवावं. जिवंत स्क्रीनने ते वाचून स्वतःच्या कॉन्टेक्स्टने दाखवावं.

रात्रपाळी

आणि नोंद कधी पुसायची ते आधी ठरवा. दाखवताना पुसलीत आणि तेवढ्यात फोन फिरला तर निरोप गेला. माणसाने बटण दाबल्यावरच पुसा. आमचे तीन-तीन अर्ज थांबले ते यानंतर.

नवी_पालवी

चार दिवसांनी परत आलेय, काय केलं ते सांगायला.

निरोपांची यादी काढली तेव्हा लक्षात आलं की ते दोन जातींचे आहेत. "अर्ज पाठवता आला नाही" हा त्या फॉर्मचा निरोप आहे. "लॉगिनची मुदत संपली" हा कोणत्याच एका स्क्रीनचा नाही, सगळ्या ॲपचा आहे. आम्ही दोन्ही एकाच सिंगलटनमध्ये कोंबले होते.

फॉर्मचे निरोप त्या त्या व्ह्यूमॉडेलमध्ये गेले. माणूस फॉर्म सोडून गेला तर डायलॉग त्याच्या मागे धावत नाही. अर्जाची स्थिती "माझे अर्ज" या यादीत दिसते. ॲपचे निरोप स्टेटफ्लोमध्ये (ताजं मूल्य ऐकणाऱ्यांना देणाऱ्या प्रवाहात), फक्त प्रकार आणि स्ट्रिंगचा आयडी, कॉन्टेक्स्ट कुठेही नाही. पायाभूत ॲक्टिव्हिटी ते रिपीटऑनलाइफसायकलने, स्टार्टेड असतानाच ऐकते आणि डायलॉगफ्रॅगमेंट दाखवते. त्या टॅगचा फ्रॅगमेंट आधीच असेल तर नवा जोडत नाही. उत्तर फ्रॅगमेंट रिझल्टने येतं आणि तेव्हाच नोंद पुसली जाते. सिंगलटनमधला ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट काढल्यावर त्याचे टेस्टही साधे झाले, अँड्रॉइडशिवाय चालतात.

जुन्या बिल्डवर धिमं नेट लावून अर्ज पाठवला आणि लगेच मागे गेले, तर तिसऱ्या वेळी कोसळला. नव्या बिल्डवर तेच वीस वेळा केलं. एकदाही नाही.

चाचणीवाली

डायलॉग उघडा ठेवून फोन आडवा केलास का? "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू ठेवून, मध्ये दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन?

नवी_पालवी

आत्ता केलं. परत आले तेव्हा डायलॉग तिथेच होता, त्याच भाषेत. "पुन्हा लॉगिन करा" दाबलं, लॉगिनची स्क्रीन उघडली. लॉगमध्ये लीक्ड विंडोची ओळ नाही.

चाचणीवाली

आता दोन खिडक्यांत एकदम उघड.

नवी_पालवी

दोन्हीकडे डायलॉग आला. एकीकडे दाबल्यावर दुसरा तसाच राहिला. नोंद पुसली गेली की उघडा फ्रॅगमेंटही बंद व्हायला हवा, ते राहिलंय. करते आणि कळवते.